आधी उमेदवारी, मग दुकान

(पापनाशम येथील आपल्या गणेशोत्सवात युवक व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. मंडळाच्या आग्रहावरून लिहून दिला आहे.)



कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो असा : ‘तरुणांनी नोकरी करावी की धंदा?’ शाळेच्या वादविवाद स्पर्धेला हा विषय उत्तम आहे. दोन्ही बाजूंनी टाळ्या मिळतात. पण घरात बारावी झालेला मुलगा बसलेला असतो, वडिलांचे दुकान पूर्वीसारखे चालत नसते आणि गावाकडून आजोबांचा फोन येतो, तेव्हा या टाळ्यांचा काही उपयोग होत नाही. म्हणून मी विषय थोडा वळवून घेणार आहे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यातली बरीच वर्षे कर्जाच्या टेबलामागे बसून काढली. कोण उभा राहिला आणि कोण बसला, हे जवळून पाहिले. त्यातून जे हाती लागले ते सांगतो. मी गलाईच्या घरातला नाही, त्यामुळे मूस आणि तेजाबाच्या बाबतीत समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांनी मला बिनदिक्कत दुरुस्त करावे.

तुमच्यापैकी बहुतेक घरे खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ, नाहीतर पलीकडची माण-खटावची. पावसाने पाठ फिरवलेला मुलूख. १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे अजून आहेत. त्याच्या आधीपासूनच या तालुक्यांतली मुले सोने-चांदी गाळायच्या कामाला बाहेर पडत होती आणि आज काश्मीरपासून केरळपर्यंत असे मोठे शहर नसेल जिथल्या सराफकट्ट्याच्या बोळात विट्याकडचा माणूस भेटत नाही. तंजावर, कुंभकोणम, पापनाशम ही त्याच वाटेवरची ठाणी.

आता हा माणूस दुकानदार कसा झाला ते आठवा. तो येताना भांडवल घेऊन आला नव्हता. कुणीतरी चुलता, मामा किंवा शेजारच्या वाडीचा माणूस आधी आलेला असे. त्याच्याकडे हा राहायचा. पहाटे दुकान झाडायचे, झाडलेला कचरा टाकायचा नाही, कारण त्यात सोन्याचे कण. शेगडी पेटवायची, टाकणखार किती टाकायचा ते बघायचे. पुढे कधीतरी मूस हातात यायची. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून टंच सांगायला तर आणखी वर्षे लागायची. दरम्यान तो तमिळ शिकायचा, तेही पुस्तकातून नव्हे, आचारींच्या शिव्या खात. सोन्याची मोड हातात देऊन सोनार निर्धास्त घरी जातो, इतका विश्वास बसला की मग त्याचा शेठच त्याला म्हणायचा, आता अमक्या गावात आपले कुणी नाही, तिथे बस. पुष्कळदा पहिला तराजूही शेठनेच दिलेला असायचा.

म्हणजे क्रम काय झाला? आधी काम, मग भाषा, मग गिऱ्हाईक, मग पत आणि सगळ्यात शेवटी दुकान. बँकेत माझ्यासमोर येणाऱ्या दहातल्या आठ तरुणांचा क्रम बरोबर उलटा असे. आधी दुकानाचे नाव ठरलेले, मग गाळा, मग काचेचे फर्निचर, मग कर्ज. आणि विकायचे काय, कुणाला, हा प्रश्न उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तुमच्या आजोबांना व्यवस्थापन हा शब्द माहीत नव्हता, पण त्यांचा क्रम बरोबर होता. आज मला एवढेच सांगायचे आहे. बाकी सगळा तपशील.

त्या जुन्या पद्धतीतली एक वाईट गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. बारा-तेरा वर्षांचे पोर शाळा सोडून धुरात बसायचे. वर्षाची रक्कम गावी बापाच्या हातात जायची आणि पोराला त्यातले काही दिसायचे नाही. आज चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर अठरा वर्षांखालच्यांना धोक्याच्या कामावर ठेवणेही गुन्हा आहे. तेजाबाचे काम धोक्याचे नाही असे म्हणण्याचे धाडस कुणी करू नये. उमेदवारी हवी, पण ती शाळा संपल्यावर, ठरलेल्या पगारावर आणि ठरलेल्या मुदतीची.

हे फक्त मूस-शेगडीपुरते खरे आहे असे वाटेल, म्हणून नोकरीतले एक उदाहरण देतो, तेही याच मातीतले. राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ चा, कुंभकोणमचा, तंजावरच्या मराठी घराण्यातला. वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण झालेले. अशा घरातल्या मुलाने सरळ मोठ्या खुर्चीची वाट पाहिली असती तर कुणी नावे ठेवली नसती. पण मद्रासला शिक्षण झाल्यावर त्यांनी आधी शिकवण्याचे काम केले, १८४८ मध्ये अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली आणि पुढच्याच वर्षी ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून गेले. तिथून महसूल खात्यात. जिल्ह्याचा कारभार पाहिला, आणि मग दिवाण. पुढे इंदूर आणि सयाजीराव अल्पवयीन असतानाचे बडोदे. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. त्या चौकालाच ‘स्टॅच्यू’ म्हणतात. बसमधून उतरणाऱ्या कितीजणांना तो पुतळा एका मराठी माणसाचा आहे हे ठाऊक असते, देव जाणे. माझा मुद्दा पुतळ्याचा नाही. हिशेबाची कचेरी आणि महसुलाची फिरती ही त्यांची उमेदवारी होती.

आणि तुमच्या सांगली जिल्ह्यातले लक्ष्मणराव किर्लोस्कर? ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, यंत्रे उघडून पाहिली, लोखंडी नांगर केला. शेतकरी तो घ्यायला तयार नव्हता. लोखंडाने जमीन बिघडते अशी समजूत. कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली ती १९१० मध्ये, म्हणजे पहिल्या दुकानानंतर वीस-बावीस वर्षांनी. आपल्याकडे त्यांच्या कारखान्याची गोष्ट सांगतात, आधीची वीस वर्षे एका वाक्यात उरकतात.

आता आजच्या अडचणीकडे येऊ. घरोघरी बोलणे चालू असते, पण बाप मुलासमोर बोलत नाही आणि मुलगा बापासमोर. गलाईचा धंदा मुलाने पुढे चालवावा का?

एक साधा हिशेब मांडतो. २००५ च्या सुमारास दहा ग्रॅम सोने सात हजारांच्या आसपास होते. एप्रिल २०२५ मध्ये त्याने लाखाचा आकडा ओलांडला. समजा शंभर ग्रॅम माल गाळताना ठरल्यापेक्षा पावकी ग्रॅमही नाही, फक्त ०.२ ग्रॅम जास्त घट आली. तेव्हा ती चूक १४० रुपयांची होती. लाखाच्या भावात तीच चूक दोन हजारांची. हात तोच, मूस तीच, चूकही तेवढीच, पण जोखीम चौदा पट. तुमची मजुरी चौदा पट झाली का? नाही ना? भाव वाढला की गावाकडे लोक म्हणतात, तुमची काय बाबा, चांदी आहे. त्यांना हा हिशेब दाखवा.

दुसरी गोष्ट हॉलमार्कची. १६ जून २०२१ पासून पहिल्या टप्प्यात देशातल्या २५६ जिल्ह्यांत दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी खूण असल्याशिवाय नवा दागिना विकता येत नाही. मोठ्या पेढ्यांनी क्ष-किरणाचे यंत्र समोर मांडले. गिऱ्हाईक मोड घेऊन थेट तिथे जाते. काचेतून आकडा दिसतो, त्याचे समाधान होते. हे यंत्र मुख्यतः वरच्या थराचे वाचन करते, आतल्या भेसळीची खात्री अजूनही भट्टीच्या परीक्षेनेच होते, हे तुम्हाला माहीत आहे. गिऱ्हाइकाला माहीत नाही आणि त्याला सांगायला तुम्ही तिथे नसता. टंचावर चालणारी चूल त्यामुळे थंडावली.

तिसरी गोष्ट तब्येतीची. नायट्रिकमधून निघणारा तो तांबूस धूर फुफ्फुसात जातो आणि त्याचा त्रास कधीकधी त्याच वेळी न होता काही तासांनी, रात्री होतो. खिडकी उघडी ठेवली म्हणजे झाले, असे म्हणणारी पिढी खोकत म्हातारी झाली. धूर ओढून पाण्यातून धुऊन सोडणारी व्यवस्था खर्चाची आहे. ती करायची ऐपत किंवा इच्छा नसेल तर त्या खोलीत मुलाला बसवू नये. इथे मी तडजोड सुचवणार नाही.

चौथी गोष्ट सगळ्यांच्या मनात आहे : चोरीचा माल. चोर पकडला की तो दुकान दाखवतो आणि पोलीस दारात येतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेचे कलम ४११ जाऊन भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आले, पण गाभा तोच आहे. माल चोरीचा आहे हे तुम्हाला माहीत होते, किंवा तसे मानायला कारण होते, हे सिद्ध व्हावे लागते. तुमचे संरक्षण म्हणजे तुमची वही. कोण आला, ओळखपत्र कुठले, मालाचे वजन, फोटो, सही, तारीख. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका दिवसात एका माणसाकडून घ्यायला २०१७ पासून बंदी आहे. ‘ओळखीचा माणूस आहे’ ही नोंद होत नाही.

मग माझे मत काय? ज्याला या कामाची खरीच आवड आहे त्याने ते करावे, पण बापाच्या गादीवर बसायचे म्हणून बसू नये. आणि बसायचे तर धूर, वही आणि यंत्र या तिन्ही गोष्टी सुधारून बसावे. ज्याला आवड नाही त्याने या घरात जे फुकट शिकायला मिळाले ते दुसरीकडे वापरावे. तुम्ही काय शिकलात याची तुम्हाला किंमत नाही. हातात घेऊन दागिना पारखणारी नजर, दुसऱ्याचे सोने दिवसभर सांभाळायची सवय आणि मराठी, तमिळ, इंग्रजी, कामापुरती हिंदी अशा चार भाषा. तमिळनाडूत घराघरातले सोने तारण पडते. त्यासाठी बँकांना दागिने पारखणारे मूल्यांकक लागतात. बँक त्यांना नेमून घेते आणि कामाप्रमाणे मोबदला देते. हॉलमार्क केंद्रांना भट्टीवर तपासणी करणारे हात लागतात. दागिन्यांचे नमुने संगणकावर काढण्याचे शिक्षण आहे. हे सगळे मुलींनाही करता येते. आपल्या घरांत हिशेबाची वही पुष्कळदा मुलगीच लिहीत असते, पण धंद्याचा विषय निघाला की तिला चहा करायला पाठवतात.

आणखी एक वाट डोळ्यासमोर आहे. स्वामीमलै इथून जवळ. तिथे मेणाचा नमुना करून, कावेरीच्या गाळाच्या मातीने लिंपून, मेण वितळवून काढून त्या पोकळीत पंचधातू ओततात. साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. कुंभकोणमच्या पलीकडे नाच्चियारकोविलच्या समया. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पुणे-सांगलीच्या घरात समई लागते, देवघरात मूर्ती लागते. या दोन बाजारांच्या मधोमध, दोन्हीकडच्या भाषा जाणणारा आणि धातू ओळखणारा माणूस कोण? पण इथेही क्रम तोच. सहा महिने एखाद्या स्थपतीच्या कामशाळेत जाऊन बसा. वजन, घडाई, पॉलिश, फुटतूट समजून घ्या. आणि माल नवा असावा, करणाऱ्याच्या बिलासह. जुन्या मूर्तीच्या वाटेला जाऊ नका. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती परदेशी पाठवणे १९७२ च्या कायद्याने बंद आहे आणि देवळांतल्या मूर्तींच्या चोऱ्यांमुळे या राज्यात पोलिसांची वेगळी शाखाच आहे.

आता दुकान काढायचेच असे ज्यांनी ठरवले आहे त्यांनी कागद घ्यावा. समजा पापनाशमला एक लहान दुकान. भाडे आठ हजार, एक मदतनीस बारा हजार, वीज-फोन तीन हजार, कर्जाचा हप्ता सात हजार. झाले तीस. यात आपण एक आकडा हमखास विसरतो : स्वतःचा पगार. तो पंधरा धरा. एकूण पंचेचाळीस हजार. शंभर रुपयांच्या विक्रीमागे वीस सुटत असतील तर पंचेचाळीस हजार सुटायला महिन्याला सव्वादोन लाखांची विक्री हवी. सव्वीस दिवस दुकान उघडे धरले तर रोज साडेआठ हजारांच्या वर. एक गिऱ्हाईक सरासरी शंभराची खरेदी करत असेल तर रोज शहाऐंशी-सत्त्याऐंशी गिऱ्हाईके. बारा तासांत भागा, ताशी सात.

आता त्या गाळ्यासमोर एक खुर्ची टाकून तीन दिवस बसा. एक सोमवार, एक बाजाराचा दिवस, एक रविवार. शेजारच्या तशाच दुकानात ताशी किती माणसे शिरतात आणि किती हातात पिशवी घेऊन बाहेर येतात, ते मोजा. कर्जाच्या अर्जाला जोडलेल्या रंगीत अहवालापेक्षा मला नेहमी या मोजणीवर जास्त भरवसा वाटत आला. पण असा मोजून आलेला अर्जदार क्वचितच भेटला.

मोजताना महिना कोणता आहे तेही बघा. हा कावेरीचा खोऱ्यातला मुलूख आहे, इथला पैसा पाण्याबरोबर येतो. मेट्टूर धरण उघडायची रूढ तारीख १२ जून. कुरुवै भाताचे पैसे साधारण आश्विनाच्या आसपास हातात येतात, सांबाचे पोंगलच्या मागेपुढे. आडी महिन्यात लग्ने नाहीत, मार्गळीतही नाहीत. तै लागला की बाजार उठतो. पाणी उशिरा सुटले तर कापड दुकानापासून सलूनपर्यंत सगळ्यांची उधारी लांबते. जो फक्त तैमधली गर्दी पाहून गाळा घेतो, त्याला आडीत भाडे जड जाते.

तिरुप्पालैत्तुरैच्या पालैवननाथर देवळातले ते विटांचे उंच कोठार तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. नायकांच्या काळातले, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे. इतक्या सुपीक मुलखात एवढे मोठे कोठार कशाला बांधावे लागले? कारण पीक एकदा येते आणि पोट रोज लागते. दुकानाचेही तसेच. वरच्या हिशेबातले सहा महिन्यांचे खर्च, म्हणजे दोन लाख सत्तर हजार, बाजूला ठेवल्याशिवाय गाळ्याची पागडी देऊ नका. फर्निचर कमी करा, पाटी साधी लावा, पण हे पैसे ठेवा. बुडालेली जी दुकाने मी पाहिली, त्यांतली बरीच तोट्याने बुडाली नव्हती. नफा कागदावर होता, पण पैसा उधारीत आणि फळीवरच्या मालात अडकलेला होता आणि पहिल्या तारखेला भाडे द्यायला गल्ला रिकामा होता.

कर्जाबद्दल थोडक्यात. २०१५ पासून मुद्रा कर्जे आहेत, पहिला ‘शिशू’ टप्पा पन्नास हजारांपर्यंत. कारागिरांसाठी केंद्राने २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आणली, तमिळनाडूने ती तशीच न घेता २०२५ मध्ये ‘कलैञर कैविनै तिट्टम’ सुरू केली. सुरू करताना त्यात तीन लाखांपर्यंत कर्ज आणि २५ टक्के, पण पन्नास हजारांपर्यंतच, अनुदान असे होते. योजनांचे नियम बदलत राहतात. अर्जाच्या आधी तंजावरच्या जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारा. दलालाला पैसे देऊ नका. अनुदान आहे म्हणून धंदा निवडणारा माणूस मला अनुदान संपल्यावर दिसला नाही. त्याऐवजी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था वापरा. बँकांच्या आश्रयाने जिल्ह्याजिल्ह्यांत चालतात, ग्रामीण तरुणांना शिकणे फुकट, राहणे-जेवणही. खाद्यपदार्थांत उतरायचे असेल तर तंजावरलाच राष्ट्रीय खाद्य तंत्रज्ञान संस्था आहे, निफ्टेम. तिथे नवउद्योजकांना शिकवतात आणि पदार्थ टिकवण्याची यंत्रे प्रत्यक्ष पाहायला मिळतात. दिवाळीला चकल्या उत्तम होतात म्हणून चकलीचा कारखाना काढू नये. ती चकली पाकिटात दोन महिने कुरकुरीत कशी राहील, हे आधी शिकावे.

भागीदारी भावाबरोबर असली तरी कागदावर. किंबहुना भावाबरोबर असली तर आधी कागदावर. १९३२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी न केलेल्या भागीदारी संस्थेला करारातून निघालेली येणी वसूल करायला कोर्टात दावा लावता येत नाही. कुणी किती पैसे घातले, दुकानात रोज कोण बसणार आणि बसण्याचा त्याला वेगळा पगार काय, एकजण बाहेर पडला तर हिशेब कसा, एवढे चार ओळींत लिहा. आपल्याकडे लिहायला सांगितले की ‘विश्वास नाही का?’ म्हणतात. विश्वास आहे तोवरच लिहिता येते. नंतर वकील लिहितात.

व्याख्यानानंतर काही प्रश्न आले. त्यांतले तीन इथे देतो.

एका पालकांनी विचारले : मुलाला चेन्नईत अठरा हजारांची नोकरी मिळते आहे, राहण्याखाण्यात सगळे संपणार. त्यापेक्षा इथे दुकान बरे नाही का?

मी विचारले, नोकरी कसली? एका मोठ्या पेढीत माल तपासणीच्या विभागात. मग पाठवा. दोन वर्षे शिल्लक राहणार नाही, हे धरून चाला. तो तिथे यंत्रे, नोंदी, माल खरेदीची पद्धत आणि शंभर माणसांची पेढी कशी चालते ते बघेल, त्याची फी तुम्ही देत नाही, उलट तुम्हालाच अठरा हजार मिळत आहेत. फक्त दोन वर्षांनी त्याला विचारा की काय शिकलास. ‘काही नाही, बरे चालले आहे’ असे उत्तर आले तर जागा बदलायची वेळ झाली समजा.

बारावी झालेल्या एका मुलीने विचारले : सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करू की बी. कॉम.?

दोन्ही एकत्र होते. राज्याच्या नोकरभरतीत २०२१ च्या अखेरच्या आदेशापासून तमिळचा पेपर सक्तीचा झाला. गावाकडून नव्याने आलेल्याला तो डोंगर वाटेल. तू पहिलीपासून इथे तमिळ शिकलीस, तुला नाही. पण परीक्षेच्या भरवशावर चार वर्षे रिकामी घालवू नकोस. बी. कॉम. करताना एखाद्या कर सल्लागाराकडे दुपारचे काम धर. इथल्या किती दुकानांचे जीएसटीचे विवरण दुसऱ्याच्या भरवशावर चालते, ते तुझ्या वडिलांना विचार. परीक्षा झाली तर उत्तम, नाही झाली तरी तुझ्याकडे वीस-पंचवीस दुकानांचे काम असेल.

शेवटचा प्रश्न एका तरुणाचा : टेंभू योजनेचे पाणी आता आमच्या शिवारात आले आहे. चुलतभाऊ डाळिंब लावतो. आम्ही परत जावे का?

टाळी वाजवून ‘जा’ म्हणणे सोपे होते. मी त्याला विचारले, तू शेवटचा एक पूर्ण हंगाम गावी कधी राहिलास? तो म्हणाला, यात्रेला आणि लग्नाला जातो. मग आधी एक बहार चुलतभावाच्या बागेत मजूर म्हणून राहा. छाटणी, फवारणी, तेल्या रोग आला तर काय होते, व्यापारी बांधावर भाव कसा पाडतो, ते सगळे बघ. इथले दुकान तोवर भावाकडे ठेव, विकू नकोस. तेवढ्या काळाचा घरखर्च वेगळा काढ आणि मगच तिकीट काढ. तो हिशेब त्याने अजून मांडलेला नाही. उत्सव संपेपर्यंत मी इथेच आहे, संध्याकाळच्या आरतीनंतर मंडपात बसतो. त्याने आणि आणखी ज्यांना यायचे असेल त्यांनी मागच्या तीन महिन्यांच्या जमाखर्चाची वही घेऊन यावे. वही नसेल तर आजपासून लिहायला घ्यावी आणि पुढच्या वर्षी यावे.